शेंदूर लागलेली पूररेषा

मी आयुष्यभर घाबरायचा पगार घेतला. संपादक म्हणाले, "नोकरीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." घ्या! ज्यानं सारी नोकरी पाणी कुठवर चढेल या धास्तीत काढली, त्यानं गमती कुठून आणायच्या? तरी लिहितो. हसू आलं तर हसा, माझी ना नाही.

कुणाच्या वास्तुशांतीला गेलो की लोक फरशी बघतात, मी जोतं बघतो. ओढा कुणीकडे, उतार कुठे, पाणी आलं तर आधी कोणत्या खोलीत शिरेल, हे मनात ठरवल्याशिवाय माझ्या घशाखाली लाडू उतरत नाही. बायको कोपरानं ढोसते. "अहो, जेवायला आलोय आपण, पंचनाम्याला नाही." ती बिचारी काय करणार! निवृत्त झालो तरी खोड गेली नाही.

माझं काम पूररेषा आखायचं. नाव मोठं आहे, काम साधं. दुर्बिणीच्या यंत्रातून जमिनीची उंची बघायची, जुन्या पुरांच्या खुणा धुंडाळायच्या, नकाशावर दोन रेघा ओढायच्या आणि त्या रेघांवर दगड रोवायचे. निळ्या डोक्याचे दगड नदीकडे. त्यांच्या खाली पाणी वरचेवर येतं, तिथं घर बांधायचंच नाही. लाल डोक्याचे दगड वर, गावाकडे. फार मोठा पूर आला तर तिथवर. दोन्हींच्या मधे बांधायचं झालं तर जोतं उंच घ्यायचं. एवढंच शास्त्र.

मी मूळचा बोरीचा, जिंतूर तालुक्यातला. आमच्याकडे पाणी विहिरीत, तेही खाली वाकून बघावं तेव्हा दिसायचं. पोहायला शिकलो नाही. आणि नशिबानं नेमकं आणून सोडलं गंगेच्या काठावर. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. दुथडी भरली की तिचा आवाज येत नाही, हे मला सगळ्यात भयानक वाटायचं. एवढं मोठं पाणी समोरून जातं आणि गुपचूप जातं.

लोकांना माझं भ्याव ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी मी रेघवाले साहेब. देवगाव फाट्यावर चहा पिताना एकानं मला गाठलं होतं. त्याचा प्लॉट दुधना नदीच्या काठी, निळ्या रेघेच्या आत. मला भजी खाऊ घालून म्हणतो, "साहेब, रेघच हाय ना? पेन्शिलीनंच वडली आसंल. हापिसात खोडरबर न्हाई का?" मी म्हटलं, "खोडरबर आहे हो. पण नदीनं नकाशा बघितलेला नाही." तो खळखळून हसला आणि आणखी एक प्लेट मागवली. रेघ होती तिथंच राहिली, पण ती भजी मात्र मला पचली नाहीत.

मग एका वर्षी वरून हुकूम आला. रेषा हापिसात बसून आखायच्या नाहीत, गावाला विश्वासात घ्यायचं, दगड कुठे रोवायचे ते गावकऱ्यांसोबत काठावर फिरून ठरवायचं. आमच्यातले बरेच जण कुरकुरले. मीही. लोकांना विचारायचं म्हणजे प्रत्येक जण आपलं घर सोडून रेघ दाखवणार, हे काय सांगायला पाहिजे?

गंगाखेड तालुक्यातल्या ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव लिहीत नाही. गाव वाचतं, आणि उद्या फोन येतो. उन्हाळ्यात मारुतीच्या पारावर सभा झाली. सरपंच होते आबा. काठाला चांगली बागायती जमीन, आवाज भारदस्त, मनानं वाईट माणूस नाही. मी विचारलं, "सगळे आलेत ना?" आबांनी मान फिरवून बघितलं आणि म्हणाले, "सगळे हायती. करा सुरू."

मोठ्या पुराची आठवण ज्यांना होती त्यांना मी म्हटलं, पाणी कुठवर आलं होतं ते जागेवर दाखवा. निघाली सगळी वरात. आणि काय सांगू! प्रत्येकाच्या घरी पाणी बरोब्बर उंबऱ्यापाशी येऊन थांबलेलं. शेजाऱ्याच्या घरात मात्र चुलीवर चढलेलं. एका आजीबाईनं तेवढं खरं सांगितलं. "आमच्या हिरीच्या काठावर मासुळी सापडली व्हती," म्हणाली, आणि नवऱ्यानं तिला डोळे वटारले. घासाघीस झाली, चुन्याची फक्की तीनदा पुसून पुन्हा मारली, पण शेवटी लाल दगड गाडीवाटेच्या चढावर रोवायचा, यावर एकमत झालं. आबांचा नवा प्लॉट त्याच्या खाली गेला. त्यांचं तोंड उतरलं, पण भर सभेत ठरलेलं, बोलणार काय?

जाताना मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "ध्यानात ठेवा. कितीही मोठा पूर आला तरी लाल दगडाच्या वर पाणी येत नाही. खाली असाल तर वर निघून या." हे वाक्य मी गावोगाव सांगायचो. सोपं, सुटसुटीत, पोरासोरांनाही पाठ होईल असं.

पुढं भाद्रपद आला. आमच्याकडे पावसाचा थेंब नाही, लख्ख ऊन पडलेलं, आणि वरच्या अंगाला मुसळधार. धरण भरलं. दुपारी निरोप आला की विसर्ग वाढवलाय, संध्याकाळपर्यंत काठच्या गावांना मोठं पाणी. माझ्या वाट्याला हेच गाव आलं. जीप काढायला सांगितली आणि निघालो.

सगळ्यात आधी गाडीवाटेच्या चढावर गेलो. लाल दगड नव्हता. खड्डा तेवढा होता, त्यात गवत उगवलेलं.

"दगड कुठाय?" मी आबांना विचारलं. आबांच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान होतं. "हाय की. देव झाला त्यो. चला, दावतो."

गावाच्या खालच्या अंगाला, ओढा ओलांडून, गंगेच्या अगदी थडीवर एक कडुलिंबाचं झाड होतं. तिथं मेंढ्यांचा वाडा आणि दोन छपरं. सोपान आणि त्याची बायको गयाबाई, सून, दोन नातवंडं आणि शंभरएक मेंढरं असा तो संसार. दिवाळी झाली की हे लोक मेंढरं घेऊन राणीसावरगावच्या माळांकडे निघून जातात, खतासाठी शेताशेतात मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. उन्हाळ्यातल्या सभेला ते नव्हतेच. आबांच्या 'सगळे हायती'मध्ये ते मोजलेलेच नव्हते.

लिंबाखाली माझा दगड उभा होता. शेंदूर थापून थापून जाड झालेला, वर दोन चांदीचे डोळे, पुढं नारळाच्या करवंट्यांचा ढीग. हापिसाचा लाल रंग शोधून सापडला नसता.

गयाबाईनं मला पाणी दिलं आणि सगळं भोळेपणानं सांगितलं. परत आले तेव्हा गाडीवाटेवर लाल डोक्याचा देव उभा दिसला. ना दिवा, ना नारळ, उन्हात एकटा. येता-जाता मेंढरांची शिंगं लागायलीत त्याला. मग तिला राहवलं नाही. दोघा नवरा-बायकोनं वाजतगाजत आणून सावलीला बसवला. "सावलीत हाय, वाड्याची राखण बी करायलाय," ती म्हणाली.

"गयाबाई, हा देव नाही. ही पुराची खूण आहे. पाणी यायलंय. आत्ताच्या आत्ता वर चला."

तिनं माझ्याकडे बघितलं, जरा हसली. "आसं कसं म्हणता साहेब? तुमीच सांगितलं म्हणं सभंत, ह्या दगडाच्या वर पाणी येत न्हाई. गाव सांगतंय की. देव हाय म्हणूनच येत न्हाई ना?"

आता बोला! माझंच वाक्य माझ्याच तोंडावर आलं. दगड जिथं, तिथं पाणी थांबणार. तो कुणी कुठं रोवला, का रोवला, हे सगळं गळून गेलेलं आणि वाक्य तेवढं शाबूत राहिलेलं. बरं, हे एकटीला वाटत होतं असंही नाही. दगड खाली गेल्यावर आबांचा प्लॉट आपोआप दगडाच्या वर आला. त्यांनी जोतं खणायला घेतलं होतं. गावाला तर देव मिळाला होता. कोण कशाला सांगायला जातंय, देवाची जागा चुकली म्हणून?

मी ओरडलो, हात जोडले. मेंढरं धरून बाहेर काढायला लागलो तर सोपान आडवा आला. तो मोजकंच बोलणारा. "देव एकला कसा सोडावा साहेब?" एवढंच म्हणाला.

"मग देवही उचलू. सगळे मिळून वर नेऊ."

यावर गावातून जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. बसवलेला देव असा उचलत नसतात. कौल लावावा लागतो. ओल्या केलेल्या दोन झेंडूच्या पाकळ्या देवाच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला हापिसात शिकवलं होतं लोकांना विश्वासात घ्या म्हणून. घ्या आता!

गयाबाईनं पाकळ्या लावल्या, पदर सावरला, विचारलं, "देवा, वर येतूस का?" सगळे हात जोडून उभे राहिले. वारा अजिबात नव्हता. ऊन कलतं झालेलं, गंगा समोरून गुपचूप चाललेली, फेसाचे तुकडे घेऊन, एक अख्खी बाभूळ मुळांसकट आडवी वाहत गेलेली. पाकळ्या हलेनात.

सगळे देवाकडे बघत होते, मी मागे ओढ्याकडे. हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात वाईट ज्ञान. पूर समोरून येत नाही. गंगा फुगली की ओढ्याच्या तोंडातून आत शिरते आणि मागून येते. काठावरच्या माणसाला वाटतं पाणी अजून चार हात खाली आहे, आणि मागची वाट केव्हाच बंद झालेली असते. मी बघत होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ओढ्यातलं वाळकं पान उलटं वाहायला लागलं. गावाकडे.

मी ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पाकळी पडली. डावी.

"देव न्हाई म्हणला," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता समाधान नव्हतं. त्यांनीही ओढ्याकडे बघितलं होतं.

मी मटकन खालीच बसलो. इतकी वर्षं लोकांसमोर छाती काढून बोललो, पातळी, विसर्ग, उंची, आकडे. त्या दिवशी एकही आकडा तोंडातून निघाला नाही. मी दगडाला हात जोडले आणि म्हटलं, "देवा, मला लय भ्याव वाटायलंय रे."

गयाबाई वळली. "साहेब, तुमी भ्यालाव?"

"होय बाई. लय. मला पोहायला येत नाही. मी पहिल्या दिवसापासून ह्या गंगेला भितो. ओढ्यात बघा, पाणी उलटं यायलंय. थोड्या वेळानं वाट राहणार नाही. तुमची नातवंडं आहेत इथं. मला त्यांच्याकडं बघवत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गयाबाईनं ओढ्याकडे बघितलं. मग नातवंडांकडे. धाकटी तीनेक वर्षांची पोर, करवंटीत माती भरून खेळत बसलेली. गयाबाईचा चेहरा बदलताना मी पाहिला. मघापर्यंत ती सरकारी माणसाला समजावत होती, आता तिच्या ओठांचा रंग गेला होता. तिनं पाकळ्या पुन्हा ओल्या केल्या. एक पाकळी दोनदा निसटली.

"देवा," ती म्हणाली, "तू न्हाई म्हणतूस तर ऱ्हा. तू देव हायस, तुला काय व्हतंय! पर आमी माणसं हाव. आमी जाऊ का?"

उजवी पाकळी पडली. देवानं पाडली, हवेनं पाडली की तिच्या थरथरत्या हातानं नीट चिकटलीच नव्हती, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. "निघा!" एवढंच ओरडलो.

त्यानंतर जो गोंधळ उडाला तो आजही झोपेत दिसतो. मेंढरू पाण्यात पाय घालत नाही. पुढचं थांबलं की मागची सगळी थांबतात. सोपाननं मोठा एडका खांद्यावर घेतला आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडं नेऊन त्याला ओरडायला लावलं. मग एकेक करत बाकीची उतरली. आबांनी धोतर खोचलं, दोन्ही काखांत दोन कोकरं घेतली आणि शिव्या घालत ओढा पार केला, परत आले, पुन्हा दोन घेतली. सुनेनं पोरांना उचललं. मी एका हातानं गयाबाईचा पदर धरला होता आणि दुसऱ्या हातानं एक कोकरू. मी तिला सोडवत होतो असं गाव समजतं. खरं म्हणजे तीच मला पलीकडे ओढत होती. पाणी मांड्यांना लागलं तेव्हा मी डोळे मिटले होते.

चढावर पोहोचलो. मागं वळून बघितलं तेव्हा ओढा राहिला नव्हता, सगळं एकच पाणी झालं होतं. गयाबाई लिंबाकडे बघून रडत होती. "एकला ऱ्हायला वो माझा देव," म्हणत होती. दिवस मावळता मावळता धप्प असा आवाज आला. थडी खचली. लिंब आधी वाकला, जरा वेळ तसाच राहिला आणि मग वाडा, छपरं घेऊन सगळंच आत गेलं. सोपान आपल्या नातीला छातीशी धरून बसला. आबांनी मेंढरांसाठी आपला गोठा उघडून दिला, स्वतःची बैलं बाहेर बांधली.

पाणी गाडीवाटेवर त्या जुन्या खड्ड्याच्या जवळ येऊन थांबलं. आबांच्या जोत्यावर पुरुषभर पाणी होतं.

ओसरल्यावर चार दिवसांनी दगड सापडला. सोपाननं गाळात काठी खुपसत खुपसत शोधून काढला. चांदीचे डोळे गेले होते. गावानं तो कुठे बसवायचा यासाठी सभा घेतली, आणि ह्या वेळी मी काही विचारायच्या आधी आबाच म्हणाले, "थांबा. मेंढरं चरून येऊ द्या. सोपान आल्याबिगर सुरू करायचं न्हाई." बाया पण आल्या. ती विहिरीच्या काठावर मासुळी सापडलेली आजीबाई पुढं बसली होती आणि नवरा मागं. पुराचा काडीकचरा जिथं अडकला होता त्याच्याही वर, हातभर चढावर, देव बसला. मी तोंड उघडलं नाही. मोजलंही नाही. आबांनी आपल्या जोत्यावर घर बांधायचं सोडून दिलं, तिथं आता कडब्याची गंज असते. सोपानला गावानं चढावर गायरानाच्या कडेला वाड्यापुरती जागा दिली.

त्या गावापासून मी माझं ते पाठ वाक्य बोलणं सोडलं. सभेत गेलो की आधी सांगायचो, मला भीती वाटते, आणि कशाची वाटते. साहेब लोक म्हणायचे, हे काय लावलंय, लोक घाबरतील. मी म्हणायचो, घाबरू द्या की. एकट्यानं घाबरून घाबरून मला मधुमेह झाला.

आता निवृत्त होऊन परभणीत बसलोय. तरी भाद्रपदात आभाळ वरच्या अंगाला काळं दिसलं की झोप उडते. ह्या वर्षीही उडाली. विसर्गाची बातमी ऐकली आणि फोन हातात घेऊन बसलो, कुणाला करावा कळेना. माझा आता काय अधिकार?

तेवढ्यात फोनच वाजला. गयाबाई. मागं मेंढरांचा कालवा ऐकू येत होता.

"साहेब, पाणी सोडलंय म्हणं वरून."

"हो बाई. तुम्ही कुठं आहात?"

"आमी वर हाव. समदं वर आणलंय. देव बी आणला, आजून वर, शाळंपाशी."

माझ्या जिवात जीव आला. तरी जुनी खोड, विचारलंच. "कौल घेतला का? काय म्हणाला देव?"

"न्हाई वो," ती म्हणाली, "इचारलंच न्हाई. भ्याव वाटलं, उचलला."